शिंगं रंगवा, खांदा कापू नका

ज्या गाडीच्या हौद्यात माल टाकायला मालकाचा जीव कचरतो, तिला मी पिकअप म्हणत नाही. तिला हवं तर रथ म्हणा, डोली म्हणा, पण पिकअप म्हणू नका. पिकअपचं नाव तिच्या कामावरून पडलंय. माल उचलायचा आणि नेऊन टाकायचा. ते काम सुटलं की उरतं नुसतं पत्र्याचं धूड आणि बँकेचा हप्ता.

आमच्या जुन्नर भागात गेल्या काही वर्षांत अशा गाड्या फार झाल्यात. मूळची गाडी साधी, पांढरी, दीड टनाच्या आसपास माल ओढणारी. घरी आली की महिन्याभरात तिला ओळखू येत नाही. रुंद टायर, चकचकीत डिस्क, कपाळावर दिव्यांची पट्टी, काचांना काळी फिल्म, मागच्या फाळक्यावर रेडियममध्ये ग्रुपचं नाव, आणि केबिनमागं एवढाले स्पीकर की हौद्याचा निम्मा भाग त्यांनीच खाल्लेला. काही पोरं पाटे काढून गाडी खाली बसवतात. मग ती रस्त्यानं सरपटत चालल्यासारखी दिसते आणि स्पीडब्रेकर आला की आडवी-तिडवी करून काढावी लागते. हौदा रिकामा. कायम रिकामा. त्यात ताडपत्रीसुद्धा नसते.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा झाला की पोरांच्या हौसेवर बोलायचंच असतं. तसं नाही. मी हौसेच्या विरोधात नाही. माझ्या बापानं एका बैलजोडीच्या झुलीसाठी चांगल्या दुभत्या शेळीचे पैसे मोडले होते आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटायचा. आमच्याकडं पोळा भाद्रपदात. शिंगं साळायची, हिंगूळ लावायचा, वर बेगड चिकटवायची, गोंडे, घुंगरमाळा, पाठीवर झूल. ज्याचा बैल उठून दिसला, त्याची कॉलर वर्षभर ताठ. पण ही सगळी सजावट सुरू कुठून व्हायची? आदल्या दिवशीच्या खांदेमळणीपासून. हळद आणि तूप घेऊन बैलाचा खांदा चोळायचा. जू घासून घासून जिथं घट्टा पडलाय, त्या जागेला आधी मान. शिंगांची पाळी दुसऱ्या दिवशी. आणि दोन-तीन दिवसांनी तोच रंगीत शिंगांचा बैल नांगराला. शिंगं रंगवली म्हणून कुणी बैलाचा खांदा कापला नाही.

माझं भांडण एवढंच आहे. सजवा. पण ज्याच्या जोरावर ती वस्तू आपल्या घरी आली, तेच कापू नका.

हे खूळ इथलं नाही. ते अमेरिकेतून आलंय, आणि तिथं त्याचं पुढं काय झालं ते आपण नीट बघितलं पाहिजे. पुण्यात रद्दीच्या दुकानातून आमच्या पुतण्यानं अमेरिकी पिकअपच्या जुन्या मासिकांचा एक गठ्ठा आणला होता. त्यातले दहा-बारा अंक मी चाळले. मी दहावीपर्यंत शिकलेला, इंग्रजी अडखळत वाचतो. नात इंग्रजी शाळेत आहे, तिनं बरंचसं वाचून दाखवलं. बाकीचं मी इकडून तिकडून गोळा केलं.

पहिली गोष्ट म्हणजे पिकअप ही मुळात शेतकऱ्याच्याच उचापतीतून जन्मली. मोटारी नव्या होत्या तेव्हा अमेरिकेतले शेतकरी फोर्डची मॉडेल टी घ्यायचे, तिचा मागचा भाग काढायचे आणि तिथं लाकडी पेटी नाहीतर हौदा बसवायचे. बाजारात दूध, बटाटे, कोंबड्या न्यायला. हे इतकं चाललं की 1925 साली फोर्डनं स्वतःच हौदा लावलेली मॉडेल टी काढली. किंमत 281 डॉलर. म्हणजे कंपनीनं शेतकऱ्याची नक्कल केली. ऑस्ट्रेलियात तर एका शेतकरणीनं फोर्डला पत्र लिहिल्याची गोष्ट सांगतात. रविवारी चर्चला जाताना भिजणार नाही आणि सोमवारी नवऱ्याला डुकरं बाजारात नेता येतील, अशी एकच गाडी द्या, असं तिचं म्हणणं. त्यातून 1934 साली तिथली पहिली 'यूट' निघाली. बाईचं म्हणणं किती सरळ आहे बघा. रविवारचं मिरवणं पण आहे आणि सोमवारची डुकरं पण आहेत. आपल्या पोळ्याचा हिशोब तिनं मोटारीला लावला.

तेव्हा गाडीत फेरफार करणं हे पाप नाही. शेतकऱ्यानंच ते सुरू केलं. फरक एवढा की तो फेरफार हौदा लावण्यासाठी होता.

पुढं कॅलिफोर्नियात गाड्या सजवण्याची आणि पळवण्याची लाट आली. 1948 साली 'हॉट रॉड' मासिक निघालं. दक्षिणेकडं मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतली पोरं जुन्या गाड्या खाली बसवून संध्याकाळी हळूहळू फिरवायची. सरकारला ते खुपलं. 1958 पासून कायदा लागू झाला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. पोरांनी त्यावर हायड्रॉलिकचा उपाय काढला. पोलीस दिसला की बटण दाबून गाडी वर, तो गेला की खाली. 1977 साली त्यांचं 'लोरायडर' मासिक आलं. हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू. ज्यांना गावात कुणी विचारत नव्हतं, त्यांनी जुन्या गाडीतून स्वतःची पत उभी केली.

पिकअपचं खास मासिक 'ट्रकिन' 1975 सालचं. तोवर जपानी छोट्या पिकअप तिथं पोचल्या होत्या. त्यांच्या येण्यामागं कोंबडीची एक मजेशीर भानगड आहे. युरोपातल्या देशांनी अमेरिकी कोंबडीवर कर वाढवला म्हणून अमेरिकेनं रागानं 1964 पासून परदेशी हलक्या ट्रकवर 25 टक्के जकात बसवली. ती आजही आहे. जपानी कंपन्यांनी पळवाट काढली. केबिन आणि चासी एका खेपेला पाठवायची आणि हौदा अमेरिकेत उतरल्यावर बसवायचा, म्हणजे जकात कमी. 1980 मध्ये ती वाट बंद केली. पण तोपर्यंत त्या स्वस्त, छोट्या गाड्या कॉलेजच्या पोरांच्या हाती पडल्या होत्या. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी त्या गाड्यांना काय काय केलं! हौदा वर उचलणारा, वाकडा होणारा, गरगर फिरणारा. नाचणारा हौदा! मी फोटो बघितलेत. माल ठेवायची जागा नाचायला लागली, तिथंच मला कळायचं ते कळलं.

मासिकांबद्दल एक चांगलं सांगतो आधी. त्यांत शिकवलेलं असायचं. नट कुठला, पाना किती नंबरचा, आधी काय सोडवायचं, जॅक कुठं लावायचा, हे ओळीनं, फोटोसकट. वाचणारा पोरगा स्वतःच्या पडवीत हात काळे करून ते करायचा. मुखपृष्ठावर येणारी गाडीही बऱ्याचदा अशाच कुणा वाचकाची. ही विद्या आहे, तिला मी नाव ठेवत नाही.

पण ते अंक चाळताना मी एक गोष्ट मुद्दाम शोधली. एकाही गाडीच्या हौद्यात माल दिसतो का? एक गवताचा भारा? सिमेंटचं एखादं पोतं? नाही. हौद्यात गालिचा होता, आरसे होते, हवेच्या टाक्या होत्या, स्पीकर होते. आणि पानामागून पान जाहिराती. डिस्क घ्या, टायर घ्या, फुगे घ्या, रंग घ्या. लेख वाचून गाडी बसवायची आणि जाहिरात बघून सामान मागवायचं, असा तो धंदा होता. पोराला वाटायचं मासिक आपलं आहे. मासिकाचा खर्च चालायचा सामान विकणाऱ्यांवर.

गाडी खाली बसवणं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मालगाडीचा मागचा भाग मुद्दाम उंच ठेवलेला असतो. खाली पाट्यांचा जाड थर. माल पडला की पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. तुम्ही पाटे काढले, नाहीतर त्यांच्या जागी हवेचे फुगे घातले, की रिकामी गाडीच खाली बसते. मग मागचा ॲक्सल वर सरकून चासीवर आदळायला लागतो. म्हणून चासीला खालून अर्धगोल खाच मारतात आणि वरून पट्टी जोडतात. ती खाच हौद्याच्या तळातून वर येते, म्हणून हौद्याचा तळही कापतात नाहीतर उचलून बसवतात. आता यात वीस-वीस किलोची टोमॅटोची पंच्याहत्तर कॅरेट टाकून बघा. दबायला जागाच नाही. खांदा कापला म्हणतो तो असा.

आता पुढची गोष्ट ऐका, कारण ती आपल्याला उद्या लागणार आहे. कंपन्या हे सगळं बघत होत्या. पिकअप दिसायला भारी असेल तर माणूस जास्त पैसे मोजतो, हे त्यांनी ओळखलं. 1990 च्या सुमारास त्यांनी स्वतःच मोठ्या इंजिनाच्या, शोभेच्या पिकअप काढल्या. शेव्हरलेची 454 एसएस, जीएमसीची सायक्लोन, फोर्डची लाइटनिंग. मग हळूहळू साध्या पिकअपमध्येही कातडी सीटा, चार दारं, मोठे पडदे आले. केबिन वाढत गेली, हौदा आखडत गेला. 'रेंजर' ही छोटी पिकअप फोर्डनं 2011 मध्ये तिथं बंद केली, आणि 2019 ला परत आणली तेव्हा ती अंगानं वाढलेली होती. पुढं एक लहान आणली, पण ती चार दारांचीच, हौदा साडेचार फुटांचा. याला एकट्या मासिकांना जबाबदार धरणं अन्यायाचं होईल. जकात आहे, सरकारी नियम आहेत, कंपन्यांचा नफा आहे. पण पिकअप ही बघायची वस्तू आहे, ही चटक लावायचं काम मासिकांनी केलं, असं माझं स्वच्छ मत आहे.

आज तिथले कित्येक छोटे शेतकरी काय करतात? जपानमधल्या पंचवीस वर्षं जुन्या झालेल्या केई ट्रक मागवतात. 660 सीसीचं इंजिन, साडेतीनशे किलो माल, तिन्ही बाजूंचे फाळके पडणारा सपाट हौदा. पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला तिथल्या सुरक्षेच्या नियमातून सूट आहे, म्हणून जुनीच घ्यावी लागते. ज्या देशात शेतकऱ्यानं पिकअप शोधून काढली, तिथल्या शेतकऱ्याला कामाची छोटी पिकअप दुसऱ्या देशाच्या जुन्या बाजारातून आणावी लागते. ती मासिकंही राहिली नाहीत. 2019 च्या डिसेंबरात त्यांच्या मालक कंपनीनं 22 पैकी 19 छापील मासिकं एकदम बंद केली. त्यात 'ट्रकिन' होतं आणि 'लोरायडर'सुद्धा. धंदा मोबाईलवर गेला.

आणि मोबाईलवरूनच तो आमच्या वाडीत आला. फक्त येताना मासिकातलं शिकवणं गळून पडलं आणि दाखवणं तेवढं आलं. तीस सेकंदांच्या रीलमध्ये पाना कितीचा ते कुणी सांगत नाही. पोरगं गाडी गॅरेजला सोडतं, चार दिवसांनी पैसे देऊन घेऊन येतं. हात काळे झालेच नाहीत, फक्त खिसा मोकळा झाला.

आमच्या पुतण्याचीच गोष्ट सांगतो. धाकट्या भावाचा मुलगा. गाडी हप्त्यावर. डिस्क, टायर, साऊंड यासाठी भावजयीच्या पाटल्या गहाण पडल्या. मागच्या एका पावसाळ्यात आमचा टोमॅटो तोडून बांधावर पडला होता. तीन दिवस झड लागलेली. पिकलेला टोमॅटो पावसात किती तास दम धरतो, हे ज्यानं पिकवलाय त्याला विचारा. नारायणगावच्या बाजारात पोचवायचा होता आणि नेहमीचा गाडीवाला चिखलात अडकलेला. मी पुतण्याला म्हटलं, "काढ तुझी गाडी."

तो मान खाली घालून म्हणाला, "नाना, कॅरेट घासून रंग जाईल हो. आणि मागं वजन टाकलं तर टायर मडगार्डला लागतंय."

त्या दिवशी दाराशी दीड टनाची गाडी उभी असताना आम्ही दुसऱ्या गावाहून भाड्याची गाडी मागवली. ती दुपारी आली. माल पोचला तेव्हा निम्मा गळका झाला होता. मिळालेल्या भावातून भाडं आणि तोडणीची मजुरी वजा केल्यावर जे उरलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी त्याच्यावर ओरडलो नाही. काही दिवसांनी शांतपणे विचारलं, "कशासाठी रे हे?" तो जे बोलला ते मी विसरू शकत नाही. म्हणाला, "नाना, शेतकऱ्याच्या पोराला कोण मुलगी देत नाही. माझ्याबरोबरचे पाचजण तसेच बसलेत. कंपनीत बारा हजारांवर झाडू मारणाऱ्याला स्थळ येतं, मला येत नाही. ही गाडी घेऊन मी घाटात उभा राहिलो की चार माणसं वळून बघतात. मोबाईलवर लोक मला ओळखतात. कॅरेट भरलेली गाडी घेऊन गेल्यावर मला कोण बघतं?"

याला काय उत्तर देणार? हे खरं दुखणं आहे. गावोगाव तिशी ओलांडलेली पोरं बिनलग्नाची आहेत आणि त्यांना मान देणारं गावात काहीच उरलेलं नाही. म्हणून 'पोरं बिघडली' असं पारावर बसून म्हणणाऱ्यांत मी नाही. पोरं बिघडलेली नाहीत. त्यांना मान पाहिजे, आणि बाजार त्यांना सांगतो की तो गॅरेजमध्ये विकत मिळतो.

पण मी त्याला जे सांगितलं ते इथंही सांगतो. बाबा, लोक वळून बघतात ते गाडीकडं, तुझ्याकडं नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्याची याहून भारी गाडी येईल, ते तिकडं बघतील. हप्ता मात्र तुझ्याकडंच बघत राहील. आणि भरलेल्या गाडीची लाज तुला कुणी शिकवली? तुझा आजा भरली बैलगाडी घेऊन गावातून जायचा तेव्हा मुद्दाम पेठेतून घ्यायचा. माल दिसला पाहिजे म्हणून. भरला हौदा हीच त्याची जाहिरात होती. रिकाम्या हौद्यात मान आणि भरल्या हौद्यात कमीपणा, हे ज्यांनी उलटं करून ठेवलं, त्यांच्याशी माझं भांडण आहे. तुझ्याशी नाही.

काहीजण म्हणतात, ही कला आहे. असेल. पण ज्या कलेनं कोपऱ्यावर ब्रेक लागत नाही, ती रस्त्यावर नको. रुंद टायर, कमी पाटे, मागं स्पीकरचं वजन, असली गाडी घाटाच्या उतारावर कशी वागेल हे तिच्या मालकालाही ठाऊक नसतं. कंपनीनं गाडी तोलून बनवलेली असते. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल केलेली गाडी नोंदणीला चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला एकेका बदलामागं पाच हजार रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवलीय. कायद्याची भीती दाखवणं मला आवडत नाही. पण अपघात झाल्यावर विमेवाला पहिला प्रश्न हाच विचारतो, हे पोरांना कुणी सांगत नाही. रीलमध्ये तर नाहीच नाही.

2021 च्या डिसेंबरात बैलगाडा शर्यतींना परत परवानगी मिळाली. आता शर्यतीचा बैल पिकअपमध्ये उभा राहून घाटात येतो. खाली भुसा, पेंढा, बाजूला गादी. मालक जागोजाग गाडी थांबवून त्याला पाणी दाखवतो. त्या गाड्याही सजवलेल्या असतात, बैलाचं नाव केबिनवर मोठ्या अक्षरात असतं. पण त्यांचे पाटे कुणी काढत नाही, कारण बैलाला दचका बसेल. बघा, ज्याला हौद्यातल्या जिवाची किंमत आहे, तो सजावटही बेतानं करतो. त्या गाड्या मला देखण्या वाटतात.

म्हणून नुसती टीका करून थांबत नाही, एक सुचवतो. यात्रा-उत्सवात आपण कुस्त्या लावतो, शर्यती लावतो. तिथं पिकअपच्या सजावटीचीही स्पर्धा लावा. बक्षीस चांगलं ठेवा, फेटा बांधा, वाजतगाजत गावातून फिरवा. अट एकच. गाडी भरून आणायची. कांदा आणा, ऊस आणा, कडबा आणा, पण हौदा भरलेला पाहिजे. चढावर थांबून परत उचलली पाहिजे आणि उतारावर ब्रेक लागला पाहिजे. त्यानंतर रंग बघू, दिवे बघू, फाळक्यावरचं नाव वाचू. बघा मग किती पोरं पाटे परत बसवतात.

आणि परीक्षक म्हणून गावातल्या बायकांना बोलवा. गाडीसाठी पाटल्या त्यांच्याच गहाण पडल्यात. कुठली गाडी घर चालवते आणि कुठली घरावर चालते, हे त्यांना बरोबर कळतं.